चार दिवस, तीन दफनभूमी आणि कडक भाकरी

"मावशी, लोक इथे येऊन किल्ले बघतात, तळी बघतात, व्हिस्कीच्या भट्ट्या बघतात. तुला स्मशानंच का बघायचीत?"

ग्लासगोला राहणाऱ्या माझ्या भाचीचा हा प्रश्न रास्त होता. सोलापूरच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवून मी निवृत्त झाले. नोकरीत असताना कधीतरी एक ओळ वाचली होती की, स्कॉटलंडमध्ये एका आडनावावर कायद्याने बंदी होती. माणसांवर नाही, जमिनीवर नाही, आडनावावर. ते लावलं तर जीव जायचा. ती ओळ डोक्यातून गेलीच नाही. ते आडनाव मॅकग्रेगर, आणि त्यांचा सर्वांत प्रसिद्ध माणूस रॉब रॉय जिथे पुरलाय ते गाव भाचीच्या घरापासून जेमतेम ९० किलोमीटरवर. मग तिच्या सुट्टीतले चार दिवस मी मागूनच घेतले.

दिवस पहिला: ग्लासगो ते बॅलविडर

मेचा शेवटचा आठवडा. गाडी भाचीची, चालवणारीही तीच. स्टर्लिंगपर्यंत मोटरवे, त्यामुळे तिथवर सांगण्यासारखं काही नाही.

कॅलंडर या गावी जेवायला थांबलो. हायलँड्सचा उंबरठाच म्हणायचा, कारण इथून पुढे डोंगर अंगावर यायला लागतात. मी शाकाहारी, म्हणून माझ्या वाट्याला मसुराचं सूप आलं. स्कॉटलंडभर हे मिळतं आणि चांगलं गरमागरम मिळतं, पण पहिला घोट घेतला की वाटतं, कुणीतरी छान आमटी केली आणि फोडणी द्यायला विसरलं. सोबत ओटकेक होते. ओटच्या पिठाची कोरडी, खुटखुटीत चकती. एक तुकडा मोडला आणि मी भाचीकडे बघितलं. तीही हसली. ही तर आपली कडक भाकरी! ज्वारीऐवजी ओट, एवढाच फरक. दोन्हीकडे हिशोब तोच: जे धान्य पिकतं त्याचं टिकाऊ काहीतरी करून ठेवायचं. माझ्या बॅगेत सोलापूरहून आणलेल्या बारा कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीची पुडी होतीच. पुढचे चार दिवस त्यांनी फार साथ दिली.

कॅलंडर सोडलं की रस्ता लेनीच्या खिंडीतून लॉख लुबनेग या तळ्याच्या काठाकाठाने जातो. स्ट्रॅथायर मागे पडतं, किंग्जहाउसपाशी डावीकडे वळायचं आणि तिथून तीनेक किलोमीटरवर बॅलविडर. या नावाच्या स्पेलिंगमध्ये क्यू, यू, एच आणि दोन डी आहेत. मी वाटभर 'बाल्क्विडर' म्हणत होते. मुक्कामाच्या घरच्या बाईंनी दारातच, अगदी प्रेमाने, "बॅल-विडर" अशी दुरुस्ती केली. विद्यार्थ्यांची उच्चारचूक काढताना माझा चेहरा असाच होत असणार.

घर लॉख व्हॉइलच्या काठावर. रात्रीचे दहा वाजले तरी पुस्तक वाचता येईल इतका उजेड होता. आणि समोरच्या रानातून कुकू ओरडत होता. भिंतीवरच्या घड्याळातून येतो तोच आवाज, खऱ्या पक्ष्याच्या गळ्यातून. आपला कोकीळ चढत जातो, हा दोनच स्वरांवर अडलेला. आधी गंमत वाटली. पहाटे चारला तो पुन्हा सुरू झाला तेव्हा वाटली नाही.

जाणाऱ्यांसाठी: बस मोठ्या रस्त्यावरून जाते, गावात येत नाही. गाडी नसेल तर किंग्जहाउसपासून चालायची तयारी ठेवा. पेट्रोल कॅलंडरलाच भरून घ्या. गावापुढचा रस्ता एकपदरी आहे. समोरून गाडी आली की ठरावीक जागी बाजूला थांबायचं आणि जाणाऱ्याने हात वर करून आभार मानायचे. हात वर न करणारा परका, हे त्यांना लगेच कळतं.

दिवस दुसरा: चर्च, थडगी आणि रानडुकराचा खडक

सकाळी न्याहारीला बटाट्याचे चपटे स्कोन होते, तव्यावर भाजलेले. मी त्यावर शेंगाचटणी पसरली. घरच्या बाईंनी चमच्याच्या टोकावर चव घेतली, दोन घोट पाणी प्यायल्या आणि मग अख्खा चमचा घेतला. इथली लापशी मिठाची असते, साखरेची नाही. साखर मागितली तर देतात, पण नजर बदलते.

चर्च दहा मिनिटांवर. आवारात शिरलं की एकामागे एक दोन इमारती दिसतात. मागची, वापरातली, १८५०च्या दशकातली. इथल्या स्ट्रॉनव्हार इस्टेटीच्या डेव्हिड कार्नेगीने पैसे दिले आणि डेव्हिड ब्राइस या त्या काळच्या नामवंत वास्तुविशारदाने आराखडा केला. पुढे तिची म्हातारी सासू उभी आहे: १६३१ सालचं, छप्पर नसलेलं जुनं चर्च. भिंतींवर शेवाळ, आत गवत, आणि आतही थडगी. त्याच्याही आधी इथे एक छोटं मध्ययुगीन चर्च होतं, त्याला गेलिकमध्ये, म्हणजे या डोंगरातल्या जुन्या भाषेत, 'छोटं चर्च' असंच म्हणायचे. म्हणजे एकाच हातभर जागेत तीन पिढ्यांची देवळं. आपल्याकडे जुन्या देवळाचे दगड नव्याच्या पायात जातात. इथे जुनं तसंच पडू दिलं आणि शेजारी नवं बांधलं.

रॉब रॉयचं थडगं शोधावं लागत नाही. जुन्या चर्चच्या पूर्वेला तीन शिळा ओळीने आहेत आणि भोवती बुटका कठडा. तो, त्याची बायको मेरी आणि कॉल व रॉबिन ओग ही दोन मुलं. त्याची म्हणून दाखवतात त्या शिळेवर ओबडधोबड, रुंद पात्याची तलवार कोरलेली आहे. शिळा त्याच्यापेक्षा कितीतरी जुनी असावी, कुणा दुसऱ्याची उचलून त्याला दिलेली. मला पाहताक्षणी वीरगळ आठवला. आपल्या गावाबाहेर शेंदूर फासून उभे असतात तसले. फक्त आपला वीर उभा, इथला आडवा. शिळेवर लोकांनी नाणी ठेवली होती. पेनी, सेंट, एक कुठलंसं नाणं मला ओळखताही आलं नाही. भाचीने पर्समधून रुपया काढला. मी अडवलं नाही.

आणि डोक्याशी, नंतर बसवलेल्या दगडावर तीन शब्द: 'मॅकग्रेगर डिस्पाइट देम'.

भाची म्हणाली, "मावशी, हे मराठीत कसं म्हणशील?"

"नाकावर टिच्चून मॅकग्रेगर."

हे 'नाक' कुणाचं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. १५८९ साली राजा सहाव्या जेम्सच्या लग्नासाठी हरणाचं मांस हवं होतं. ते आणायला गेलेला राजाचा वनाधिकारी ड्रमंड याला मॅकग्रेगर लोकांनी मारलं आणि मुंडकं कापून आणलं. त्या मुंडक्यावर जमातीने हात ठेवून शपथ घेतली: हे कृत्य एकट्यादुकट्याचं नाही, आम्हा सगळ्यांचं. कुठे? याच बॅलविडरच्या चर्चमध्ये. अर्थात आत्ताच्या दोन्ही इमारती तेव्हा नव्हत्या, पण जागा हीच. पुढे फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइनला कोल्हून लोकांशी मोठी लढाई झाली आणि मॅकग्रेगरांनी त्यांची दाणादाण उडवली. जेम्स तेव्हा इंग्लंडचा मुकुट घ्यायला लंडनला निघायच्या तयारीत होता. जायच्या दोन दिवस आधी, ३ एप्रिल १६०३ ला, हुकूम निघाला: मॅकग्रेगर हे नाव रद्द. लावाल तर मृत्युदंड. पुढच्या जानेवारीत त्यांचा प्रमुख एडिनबरोला फासावर गेला. त्यानंतरच्या दहा वर्षांत आणखी कलमं आली. मांस कापायच्या बिनटोकाच्या सुरीशिवाय हत्यार बाळगायचं नाही. चारांपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही.

हे मी थडग्याशेजारच्या ओल्या गवतात उभी राहून भाचीला सांगत होते आणि मध्येच थांबले. कारण मला सेटलमेंट आठवली.

माझं माहेर सोलापूरचं, त्यामुळे 'सेटलमेंट' हा आमच्यासाठी इंग्रजी शब्द नाही, शहरातला एक भाग आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. देशभरात हा शिक्का पुसला गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. माझ्या वर्गात तिथली मुलं असायची. पहिल्या दिवशी पूर्ण नाव विचारलं की त्यातली काही आडनावापाशी आवाज खाली आणायची. एकाने तर नुसतं वडिलांचं नाव सांगून खाली बसणं पसंत केलं. मी नव्याने लागलेले होते, मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. ते आजही टोचतं.

लंडनहून राज्य करणाऱ्यांनी हा धडा आपल्या घरीच, स्वतःच्याच डोंगरातल्या माणसांवर गिरवून ठेवला होता, असं मला वाटतं. दोन्ही कायद्यांचा एकमेकांशी कागदोपत्री संबंध नाही. पण 'चारांपेक्षा जास्त नको' आणि 'हजेरी द्या' यांचा आवाज एकच आहे.

रॉब रॉयपुरतं सांगायचं तर त्याच्या नावाचं नशीब तारखांतच दिसतं. १६६१ साली दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली. रॉबचा बाप्तिस्मा १६७१चा, म्हणजे मॅकग्रेगर म्हणूनच झाला. १६९३ साली बंदी परत आली, तेव्हा हा ऐन बाविशीत. मग त्याने आईचं आडनाव घेतलं, कॅम्पबेल, आणि आयुष्यभर तीच सही केली. गुरांचा व्यापार करायचा आणि 'राखण' करायचा: आम्हाला अमुक द्या, तुमची गुरं चोरीला जाणार नाहीत. या वसुलीला नाव होतं ब्लॅकमेल. त्यातलं 'मेल' म्हणजे खंड किंवा सारा, टपाल नव्हे. आपल्याला चौथाई माहीत असल्याने हे समजावून घ्यायला फार वेळ लागत नाही. पुढे ड्यूक ऑफ माँट्रोजकडून घेतलेले पैसे बुडाले, रॉब फरारी ठरला, पकडला गेला, निसटला, आणि शेवटी माफी मिळून अंथरुणात मेला. २८ डिसेंबर १७३४. बंदी कायमची उठली १७७४ ला. म्हणजे या शिळेखाली ठेवला तेव्हा तो कायद्याने मॅकग्रेगर नव्हताच. त्या तीन शब्दांमागे हे सगळं आहे.

आवारात एक म्हातारे गृहस्थ गवत काढत होते. आम्ही बराच वेळ एकाच थडग्यापाशी उभ्या आहोत हे बघून ते आले आणि म्हणाले, "सगळे त्याच्याकडेच येतात. जरा इकडेही बघा." ते मॅकलॅरन घराण्याकडचे निघाले. हे खोरं मुळात मॅकलॅरनांचं. १५५८ साली मॅकग्रेगरांनी त्यांची अठरा घरं बायकापोरांसकट संपवली आणि जमिनीवर बसले. "रॉब रॉय आमच्या लेखी हीरो नाही," ते म्हणाले, "वाईट शेजारी."

मग त्यांनी सांगितलेली गोष्ट ऐकून मला पंढरपूर तालुक्यातल्या आमच्या शेताच्या बांधावर उभं असल्यासारखं वाटलं. रॉब रॉयच्या आयुष्यातलं शेवटचं भांडण कुठल्या राजाशी नव्हतं. इन्व्हरनेंटी नावाच्या शेतावरून मॅकलॅरनांशी होतं. मॅकलॅरनांनी मदतीला ॲपिनचे स्टुअर्ट आणले. मोठी मारामारी टाळायला रॉबने एकास एक तलवारीचा सामना घेतला, साठी ओलांडलेल्या वयात, आणि हाताला जखम झाली. त्याच वर्षाअखेर तो गेला. दोन वर्षांनी त्याच्या धाकट्या मुलाने, या रॉबिन ओगने, इन्व्हरनेंटीच्या जॉन मॅकलॅरनला गोळी घातली. तो तेव्हा नांगर धरून शेतात होता. रॉबिन स्वतः १७५४ साली एडिनबरोला फासावर गेला, पण दुसऱ्याच गुन्ह्यासाठी: एका तरुण विधवेला पळवून नेऊन जबरदस्तीने लग्न लावल्याबद्दल. आता मारणारा आणि मार खाणारे एकाच भिंतीच्या आत, दहा-वीस पावलांवर. भाऊबंदकी, बांध, नांगर. एकही शब्द मला नव्याने शिकावा लागला नाही.

"पण गवत तुम्ही त्याच्याही थडग्यावरचं काढता की," भाची त्यांना म्हणाली.

"पर्यटक येतात ना," ते म्हणाले. "घाण दिसायला नको."

नव्या चर्चचं दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. आत कुणी नाही, दानपेटी आणि नोंदवही. आणि भिंतीशी उभी केलेली संत अँगसची शिळा. सुमारे बाराशे वर्षांपूर्वीची, तिच्यावर हातात प्याला धरलेला एक माणूस. इतका साधा की लहान मुलाने पाटीवर काढावा. हा अँगस इथे धर्म घेऊन आला आणि खोरं दिसताच त्याने गुडघे टेकले, अशी कथा. ही शिळा पूर्वी जुन्या चर्चमध्ये जमिनीत होती, आणि लग्न नि बाप्तिस्मा तिच्यावर उभं राहून केला तरच लोकांना पावल्यासारखा वाटायचा. पाद्र्यांना ही अंधश्रद्धा खपेना, म्हणून शिळा उचलून बाहेर टाकली. आता ती परत आत आहे, पुरातन वस्तू म्हणून. आत यायची परवानगी मिळाली, पण देवपण गेलं.

शेजारी १६८४ सालची घंटा, रॉबर्ट कर्क या पाद्र्याने दिलेली. हा कर्क मला रॉब रॉयपेक्षा जास्त आवडला, त्याच्याबद्दल चौथ्या दिवशी. इथे एवढंच, की गेलिकमध्ये संपूर्ण स्तोत्रसंहिता छापून आणणारा तो पहिला, तीही त्याच १६८४ साली. त्याची पहिली बायको इझोबेल १६८० च्या नाताळात गेली, तिचं थडगं इथेच आहे. तिचा लेख त्याने स्वतःच्या हाताने कोरला असं सांगतात. मी अक्षरांवरून बोट फिरवून पाहिलं. पाऊस आणि शेवाळ यांनी बरंच खाल्लंय.

नोंदवहीत नाव, गाव. आमच्या आधीच्या पानावर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आणि मॅकग्रेगर, मॅकग्रेगर, मॅकग्रेगर. मी मराठीत पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. खाली सोलापूर.

दुपारी चर्चमागून क्रेग अन तुर्कवर चढलो. नावाचा अर्थ रानडुकराचा खडक. संकट आलं की मॅकलॅरन इथे जमायचे आणि हेच नाव त्यांची रणघोषणा. वाट आधी जंगलखात्याच्या रस्त्याने, मग सुचिपर्णी झाडांतून. पायाखाली निळी ब्लूबेल, आणि ओल्या जागी रानलसणीचा असा घमघमाट की भूक लागावी. वर पोहोचल्यावर खाली लॉख व्हॉइल आणि त्याच्यापलीकडचं दुसरं तळं एका ओळीत, मध्ये चिंचोळी जमिनीची पट्टी. आम्ही खडकावर बसून कडक भाकरी आणि चटणी खाल्ली. जाऊन येऊन दीड तास पुरतो, पण बूट चांगले हवेत. उतरताना मी एकदा सपशेल बसले.

संध्याकाळी रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो, इन्व्हरलोखलॅरिगला, नऊ-दहा किलोमीटर. रॉब रॉय जिथे मेला ते ठिकाण. आज तिथे शेतावरचं घर, मेंढ्या आणि डोंगरावर जाणाऱ्यांसाठी गाड्या लावायची जागा आहे. वारा पडला आणि मिजेस आले. हे चिलटाएवढे किडे डासासारखे एकेकटे येत नाहीत, ढगासारखे येतात. त्यांच्यासाठी मलम मिळतं, ते घ्याच. आम्ही घेतलं नव्हतं.

दिवस तिसरा: किलिन, पाऊस

दिवसभर पाऊस. आपल्यासारखा धो धो नाही. थांबतोय असं वाटायला लावणारा.

किलिन अर्ध्या तासावर. गावाच्या मधूनच डोखर्ट नदी खडकांवरून फेसाळत जाते आणि तिच्यावरच्या जुन्या दगडी पुलाला लागून एक बेट आहे, इनिश बुई. ही मॅकनॅब घराण्याची दफनभूमी. पुलावरून दिसतं ते फाटक, त्यामागे उंच काळी पाइनची झाडं आणि दोन्हीकडून घोंगावणारं पाणी. फाटकाला कुलूप. किल्लीची चौकशी केली, पण पावसात ज्यांच्याकडे जायचं ते घर बंद होतं. मग पुलाच्या कठड्यावर छत्री टेकवून नुसतं बघत राहिलो. खरं सांगायचं तर ते बेट लांबूनच भारी आहे. नदीच्या मध्ये पुरायचं म्हणजे लांडगे येत नाहीत, आणि शत्रूही सहज येत नाही.

समोरच्या चहाच्या दुकानात कॅनडाहून आलेलं एक जोडपं भेटलं. ती मॅकनॅब. तिने आम्हाला आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगितली, अगदी अभिमानाने. नाताळच्या सामानाची वाट नीश लोकांनी अडवली आणि सगळं लुटून ते लॉख अर्नमधल्या आपल्या बेटावर गेले. म्हातारा मॅकनॅब रात्री मुलांना एवढंच म्हणाला, "आजची रात्र तीच रात्र आहे, पोरं जर तीच पोरं असतील तर." पोरांनी होडी खांद्यावर घेतली, डोंगर ओलांडून नेली, बेटावर जाऊन नीशांना कापलं आणि मुंडकी घेऊन पहाटे घरी. मॅकनॅबांच्या बोधचिन्हावर आजही ते मुंडकं आहे. तिच्या गळ्यातल्या पदकावर होतं, तिने काढून दाखवलं. भाचीने चहाचा कप हळूच खाली ठेवला.

त्याच घराण्याचा एक प्रमुख पुढे १८२३ साली कर्जदारांना चुकवून कॅनडाला पळाला. "म्हणूनच आम्ही तिकडे," ती म्हणाली, पण मग लगेच, "म्हणजे, गंमत करतेय." ते खरं की गंमत, ते आम्ही विचारलं नाही.

कलन स्किंक हे धुरावलेल्या माशाचं, दूध-बटाट्याचं दाटसर सूप भाचीने दोनदा मागवलं. पावसात तिचा चेहरा बघून मला पहिल्यांदा शाकाहाराचा जरा राग आला.

दिवस चौथा: ॲबरफॉइल

परतीला मोठा रस्ता सोडून कॅलंडरहून ड्यूक्स पासने गेलो. वळणं आंबोली घाटाची आठवण करून देणारी, भाजलेलं कणीस तेवढं नाही.

ॲबरफॉइलच्या जुन्या चर्चचंही छप्पर गेलेलं आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक अवजड लोखंडी पेटारा पडलेला. मला आधी वाटलं गुरांना पाणी पाजायची डोणी. ते मॉर्टसेफ निघाले: ताज्या शवपेटीवर ठेवायचं लोखंडी झाकण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वैद्यकीय शाळांना प्रेतं विकण्यासाठी कबरी उकरायचे. कुजेपर्यंत झाकण ठेवायचं, मग काढून पुढच्याला. १८३२च्या कायद्याने मृतदेह रीतसर मिळायला लागले आणि ही झाकणं निकामी झाली.

आणि इथे रॉबर्ट कर्क. बॅलविडरहून तो १६८५ ला इकडे आला. दिवसा प्रवचन द्यायचा आणि एरवी खोऱ्यातल्या लोकांकडून परीलोकाची माहिती गोळा करायचा: ते काय खातात, कुठे राहतात, कुणाला दिसतात. थट्टा न करता, एखाद्या जनगणना अधिकाऱ्यासारखी त्याने ती लिहून ठेवली. हस्तलिखित छापलं गेलं थेट १८१५ साली. १४ मे १६९२ च्या संध्याकाळी तो रोजच्यासारखा डून हिल या टेकडीवर फिरायला गेला आणि तिथेच कोसळून मेला. गाव म्हणालं, मेला नाही; गुपितं फोडली म्हणून त्यांनी नेला, पेटीत पुरले ते दगड. पुढे तो एका नातलगाला दिसला म्हणे. म्हणाला, माझ्या बाळाच्या बाप्तिस्म्याला मी येईन, तेव्हा माझ्या डोक्यावरून सुरी फेका, म्हणजे सुटेन. तो आला. नातलग बघतच राहिला, सुरी फेकायची राहून गेली.

थडग्यावर लॅटिनमध्ये त्याला 'आयरिश भाषेचा दिवा' म्हटलंय. गेलिकला तेव्हा आयरिशच म्हणत.

टेकडी अर्ध्या तासाची. माथ्यावर ओकच्या झाडांमध्ये एकच जुना पाइन, त्यात कर्कचा जीव अडकलाय अशी समजूत. आणि भोवतीच्या फांद्यांना चिंध्या, शेकडो. रिबनी, मोजे, चिठ्ठ्या, एक लहान मुलाचं बूट. आपल्याकडे घाटात असतं तसं नवसाचं झाड, ओळखायला काही अडचण नाही. काही चिंध्या नायलॉनच्या होत्या आणि झाडाच्या सालीत रुतल्या होत्या, ते बघवलं नाही. बांधायचंच असेल तर सुती बांधा.

भाकऱ्या संपल्या होत्या, पण बांधून आणलेलं फडकं पिशवीत होतं. मी त्याची बोटभर चिंधी फाडली आणि एका खालच्या फांदीला सैल गाठ मारली. "काय मागितलंस?" भाचीने विचारलं. मी म्हटलं, "फडकं धुतलं नव्हतं, त्यांना शेंगदाण्याचा वास आला तर माफ करा, असं."

मग पाऊस आला आणि आम्ही धावत खाली उतरलो. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की छत्री पाइनच्या बुंध्याला टेकवून वरच राहिली. भाचीने टेकडीकडे एकदा बघितलं आणि गाडी चालू केली. "राहू दे मावशी," ती म्हणाली. "इथे त्यांनाच जास्त लागेल."